नागपूरसाठी स्वच्छ इंजिन

३ ऑगस्ट, रविवार

गाडी दारात आली. पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. अरुणकुमारकडून जुनी विकत घेतली. तो आमच्याच खात्यातून रिटायर झाला आणि कोहक्याचं घर भाड्याने देऊन मुलाकडे राहायला चालला. किल्ली देताना म्हणाला, नरेश भाई, गाडी एकदम मक्खन है, बस इंजन में थोड़ा कार्बन होगा.

कार्बन! माझी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांत गेली. कार्बन मला काय नवा आहे?

संध्याकाळी आमच्या मुलीने, पायलने, गाडीच्या नाकावर झेंडूची दोन फुलं ठेवली. मी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मग सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि सर्वांदेखत बोललो की या दसऱ्याला याच गाडीतून दीक्षाभूमी. विहाराचे भय्याजी हजर होते, शेजारचे उमाकांत आणि वासंतीवहिनी होत्या. शब्द दिला तो दिला.

मागच्या वर्षीचं एकदाच लिहून ठेवतो. दुर्ग स्टेशनवर नागपूरच्या गाडीला मरणाची गर्दी. सासूबाई डब्याच्या दारापर्यंत पोचल्या, दांडा हातात आला, आणि लोंढ्याने त्यांना परत फलाटावर आणून सोडलं. गाडी गेली. घरी येऊन त्यांनी पांढरं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. छप्पन साली त्या सहा वर्षांच्या होत्या, बापाच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. आठवतं ते इतकंच, की सगळीकडे पांढरं पांढरं होतं आणि त्यांच्या हातातली मुरमुऱ्यांची पुडी सांडली. कळत्या वयापासून त्यांचं एक वर्ष चुकलं नव्हतं. ते मागच्या वर्षी चुकलं.

संकल्प: दसऱ्यापर्यंत इंजिन मनासारखं स्वच्छ करणे. (मनही अजून पाहिजे तितकं नाही. दोन्ही सोबतच करू.)

४ ऑगस्ट, सोमवार

पेट्रोल पंपावर काचेच्या कपाटात लहान लहान बाटल्या दिसल्या. टाकीत ओतायचं औषध. आतला कार्बन विरघळवून धुराड्यातून बाहेर काढतं म्हणे. एक घेतली. पंपावरचा माणूस म्हणाला, फुल टंकी करा लो, फिर डालो. त्याला हसून थोडंच पेट्रोल घेतलं. भरल्या टाकीत एवढीशी बाटली म्हणजे विहिरीत चमचाभर साखर. कमी पेट्रोल, कडक औषध. गावच्या शाळेत शिकलो तरी एवढं गणित येतं.

घरी आल्यावर बायकोने, रत्नमालाने, विचारलं, कशाची बाटली हाये? सांगितलं. तिने हुंगून पाहिली आणि खिडकी उघडली.

९ ऑगस्ट, शनिवार

आज एक मोठी गोष्ट सुचली. आमच्या भट्ट्या एकदा पेटल्या की वर्षानुवर्षं थंड होऊ देत नाहीत. थंड झाली की आतल्या विटा तडकतात, भट्टी बाद. मग गाडीचं इंजिन रोज रात्री थंड का होऊ द्यायचं? ते जमणार नाही, पण सकाळी तापवता तरी येईल.

उद्यापासून: पहाटे गाडी जागेवरच चालू करून ठेवायची, तोवर माझी वंदना आणि ध्यान. मी शांत, इंजिन गरम. औषधही आतून मुरेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ध्यानात प्रगती. इंजिनाच्या आवाजावर चित्त स्थिर होतं.

उमाकांत भिंतीवरून म्हणाला, नरेशभाऊ, प्लांटच्या चिमण्या कमी पडून राहिल्या का, की तुम्ही घरी एक उभी केली? त्याचं घराणं रायपूरचं जुनं. बोलणं नेहमी गोड आणि आत काटा. वासंतीवहिनींच्या वड्या गच्चीवर वाळत होत्या, त्यांना पेट्रोलचा वास लागला म्हणे.

धूर निघतोय म्हणजे घाण बाहेर पडतेय. त्याला समजावलं. पटलं नाही. पटेल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आवाजात फरक! मऊ झाला आहे. रत्नमालाला बाहेर बोलावून ऐकवला. ती म्हणाली, मी मिक्सर बंद केला म्हणून तसं वाटून राहिलं तुमाले.

१७ ऑगस्ट, रविवार

ड्यूटीला सायकलनेच जातो. स्वच्छ होत असलेलं इंजिन सेक्टर सिक्सच्या गल्ल्यांत घासत फिरवणं बरोबर नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी बाजारात पाठवत नाही.

पायलकडे लायसन्स आहे. बावीस वर्षांची झाली, हात चांगला बसला आहे म्हणते. एक चक्कर मारू द्या, बाबा, हायवेपर्यंत. मी नाही म्हटलं. तिने रिकामी बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. बाबा, ये देखो ना, साफ लिहिलंय, फुल टँकमध्ये एक बाटली, आणि मग गाडी लांब चालवा. उभ्या गाडीत नाही. उलट उभी ठेवून चालवली तर कार्बन जास्त जमतो, हे मी नेटवरही वाचलंय.

मी म्हटलं, ज्याने हे लिहिलं त्याने कोक ओव्हन पाहिलेला नाही.

पायल म्हणाली, आणि ज्याने कोक ओव्हन पाहिला त्याने गाडी पाहिली नाही. सासूबाई आतून हसल्या. आजकालच्या मुलांचं शिक्षण.

२४ ऑगस्ट, रविवार

कँटीनमध्ये चर्चा निघाली. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. जेवण गेलं नाही.

मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. पंचशीलाचं पाचवं शील. आणि माझी गाडी रोज सकाळी, माझ्या वंदनेच्या वेळी, तेच पिते. अशा गाडीतून दीक्षाभूमीला जायचं?

संध्याकाळी विहारात भय्याजींना बाजूला घेऊन विचारलं. ते ऐंशीच्या घरातले, प्लांटच्या पहिल्या भरतीतल्या एका फिटरचा मुलगा. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, नरेश, गाडीनं शील घेतलं होतं का?

मी म्हटलं, नाही.

मंग तिले पिऊ दे.

उत्तर बुद्धीला पटलं, मनाला नाही. सुपेल्याच्या दुकानात इथेनॉलचा दोष काढणारी वेगळी बाटली मिळाली. तीही सुरू केली.

३० ऑगस्ट, शनिवार

आता तीन बाटल्या. एक कार्बनची, एक इथेनॉलची, एक दुकानदाराने सुचवली म्हणून. तिसरी नक्की कशाची ते त्यालाही सांगता आलं नाही, पण रंग सुंदर आहे, अगदी पेरूच्या सरबतासारखा.

सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, जवाईबापू, गाडीले तुमी सकाळ-संध्याकाळ दवाई पाजून राहिले. मले बीपीची गोळी कोन आठवण करून देते? पायल. जरा मलेबी टाकीवालं समजा.

हसलो. पण मग आठवलं, गोळी संपली आहे हे रत्नमालाने परवाच सांगितलं होतं. उद्या आणणे.

७ सप्टेंबर, रविवार

गोळ्या पायलने आणल्या.

भय्याजी आले होते. विहारातून नागपूरला बस ठरली आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एक ऑक्टोबरला सकाळी निघणार, मुक्काम, तीन तारखेला परत. म्हणाले, भीमाबाईसाठी (म्हणजे आमच्या सासूबाईंसाठी) पुढची एक जागा ठेवून राहिलो, खिडकीची. मी म्हटलं, भय्याजी, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला.

ते सासूबाईंकडे पाहत होते. त्यांनी पदराने डोळे पुसले, पण कांदा चिरत होत्या.

मग भय्याजी गेले. रत्नमाला म्हणाली, जागा ठेवली असती तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, दोन ठिकाणी जागा ठेवणं म्हणजे श्रद्धा कमी असणं. ती म्हणाली, श्रद्धा कोणावर, गाडीवर? मी उत्तर दिलं नाही. रागात दिलेलं उत्तर हे वाणीचं प्रदूषण आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला आहे. इंजिनाचं चित्र. पुस्तिकेत पाहिलं: चेक इंजिन. म्हणजे इंजिन स्वतःला तपासून राहिलं आहे. आजवर कुणी त्याला ती सवय लावली नव्हती. आत्मपरीक्षण.

गाडी थोडी थरथरते. तापानंतर घाम येतो तसं असावं.

१४ सप्टेंबर, रविवार

पायल म्हणाली, गॅरेजमध्ये दाखवू या. मी म्हटलं, यात्रेला दोन आठवडे असताना इंजिन उघडायचं? आमच्याकडे भट्टी उघडायची तर वर्षभर आधी प्लॅन होतो. ती म्हणाली, हे नागपूर आहे बाबा, यात्रा नाही, आणि ही भट्टी नाही, गाडी आहे. आणि मग हिंदीत काही पुटपुटली. ते मी ऐकलं, पण इथे लिहीत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

ट्रायल. सासूबाईंना घेऊन स्मृति नगरपर्यंत. पायल मागे. पहिला अर्धा रस्ता उत्तम. नंतर सिग्नलला गाडी उचक्या देऊन बंद पडली. मागे हॉर्न. तीन कॉलेजची पोरं उतरली आणि त्यांनी धक्का दिला.

सासूबाई पुढच्या सीटवर ताठ बसून होत्या. म्हणाल्या, पारसाल मी धक्के खाल्ले, यंदा गाडी खाऊन राहिली. बरं झालं बाप्पा, वाटून घेतलं.

एकूण ट्रायल समाधानकारक. बंद पडली तरी पुन्हा चालू झाली, हे महत्त्वाचं. डोस वाढवणे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रेल्वेचं रिझर्वेशन रत्नमालाने गुपचूप पाहिलं. सगळं फुल. मला सांगितलं नाही, पायलला सांगताना ऐकलं. आई यंदाबी राहिली तर तिला पुन्हा विचारायची हिंमत होणार नाही, असं म्हणाली.

मला वाईट वाटलं नाही. इंजिन स्वच्छ झालं की सगळ्यांनाच पटेल. आज सकाळी गाडी जास्त वेळ चालू ठेवली.

उमाकांत आता भिंतीवरून बोलत नाही. खिडकी लावून घेतो. शांतता वाढली.

२९ सप्टेंबर, सोमवार

सासूबाईंनी पेटी उघडली. पांढरं लुगडं काढून उन्हात टाकलं. संध्याकाळी स्वतः इस्त्री केली, कुणाला हात लावू दिला नाही. मला म्हणाल्या, जवाईबापू, खरं सांगा, पोचन ना?

मी म्हटलं, आई, आत आरसा झाला आहे, आरसा.

त्या म्हणाल्या, आरशात पाहाचं नाई मले. पोचाचं हाये.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्याची योजना:

सकाळी गाडी भरपूर तापवणे. टाकीत पेट्रोल थोडंच आहे ते तसंच ठेवणे आणि तिन्ही बाटल्या ओतणे, म्हणजे राजनांदगावपर्यंत मोकळ्या रस्त्यावर कडक औषधाने शेवटची सफाई. तिथे टाकी पूर्ण भरणे. त्यापुढे शुद्ध इंजिन, शुद्ध पेट्रोल, सरळ नागपूर.

पायलला ही योजना सांगितली नाही. ती शंका काढते.

१ ऑक्टोबर, बुधवार, सकाळ, शिवनाथ नदीच्या पुलाअलीकडे

घाईत लिहितो. गाडी थांबली आहे.

पहाटेपासून दारात चालू ठेवली होती. सामान बांधलं, वंदना झाली, सासूबाई पांढऱ्या लुगड्यात पुढे बसल्या, रत्नमाला आणि पायल मागे. दुर्ग ओलांडेपर्यंत अप्रतिम. मग दोन उचक्या, आणि शांत. रस्त्याच्या कडेला लागलो. झाकण उघडून इंजिनावर हात ठेवला. गरम. म्हणजे जिवंत आहे. कार्बनचा शेवटचा खडा कुठेतरी अडकला असावा.

सासूबाई उतरून बाभळीखाली उभ्या. रत्नमाला त्यांच्याजवळ. दोघी माझ्याकडे पाहत नाहीत. ते बघण्यापेक्षा जास्त लागतं.

तोच दिवस, जरा वेळाने

विहाराची बस आली. हिरवी, जुनी, निळे झेंडे लावलेली. थांबली. भय्याजी खिडकीतून पाहत म्हणाले, काय झालं गा?

सासूबाईंची जागा मी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांना दिलेली. आत खचाखच. भय्याजी उठले, आपली खिडकीची जागा सासूबाईंना दिली आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसले. ऐंशीच्या घरातला माणूस. मी नको नको म्हणत होतो तेवढ्यात सासूबाई पायरी चढल्यासुद्धा. दांडा घट्ट धरला होता. यावेळी कुणी मागे ढकललं नाही, उलट आतून दोन हात आले. रत्नमालाही चढली.

बस निघाली. आतून भीमगीत सुरू झालं. सासूबाईंचा आवाज त्यात ऐकू आला, की मला वाटला, सांगता येत नाही.

तोच दिवस, दुपार, राजनांदगाव

ही नोंद इच्छा नसताना करतो आहे.

बस गेल्यावर पायलने किल्ली फिरवली, पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. बाबा, पेट्रोल डाला था ना?

मी योजना समजावून सांगितली. ती ऐकत राहिली. मग दोन्ही हात कपाळावर ठेवून स्टिअरिंगवर वाकली. मला वाटलं रडते आहे. हसत होती. म्हणाली, टाकीत सगळं घातलंत, बाबा. पेट्रोल सोडून सगळं.

पहाटेपासून दारात चालू ठेवून जे होतं ते संपलं होतं.

एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून ती गेली आणि बाटलीत पेट्रोल घेऊन आली. गाडी चालू झाली. पुढच्या पंपावर तिने टाकी काठोकाठ भरली. पंपावर काचेचं कपाट होतं. मी त्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे चालायला लागलो.

गाडी आता ती चालवते आहे. मी बाजूला.

तोच दिवस, संध्याकाळ, नागपूर

देवरीपाशी थरथर थांबली. साकोलीपाशी पिवळा दिवा गेला. पायल म्हणाली, लांब चालवली म्हणून. असेल. पण औषधाला वेळ लागतोच. दोन महिन्यांचं काम आज फळाला आलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

इंजिन अतिशय स्वच्छ. हे इथे लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दीक्षाभूमी

गर्दीत सासूबाई सापडल्या. स्तूपाकडे तोंड करून जमिनीवर बसल्या होत्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मी शेजारी बसलो. किती वेळ गेला माहीत नाही. आज ध्यान करायला आवाज लागला नाही.

मग त्यांनी डोळे उघडले. मी म्हटलं, आई, माझ्यामुळे...

त्या म्हणाल्या, पोचली ना मी. कसं पोचलो ते सांगाले परतीचा अख्खा रस्ता पडला हाये. मले आधी पाणी आना.

पाणी आणलं. मग म्हटलं, परतीला नक्की गाडीतून. आता इंजिन एकदम तयार आहे. त्या पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, हो, गाडीतूनच येतो मी. पायल चालवन. रत्नमाला मांगं बसन. भय्याजीलेबी घेऊ, म्हातारा मानूस काल इंजिनावर बसून भाजला बाप्पा.

मी मोजलं. चार. पाचवी जागा होती. मी तसं म्हटलं.

त्या म्हणाल्या, तुमी बसमदे या, जवाईबापू. तुमी गाडीत राहिले का तिले काहीतरी पाजता.

पायल दुसरीकडे पाहत होती. रत्नमाला पदर तोंडाला लावून खोकली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार, बसमधून

अक्षर हलतं आहे. बस फार हलते. भय्याजींच्या खिडकीत येताना उभ्या असलेल्या एक आजी बसल्या; मला जागा मिळाली ती ड्रायव्हरशेजारची, इंजिनाच्या झाकणावरची. खाली इंजिन धडधडतं. मागे काळा धूर सोडत चाललं आहे, पण एकदाही उचकी दिली नाही. कुतूहल म्हणून ड्रायव्हरला विचारलं, भाई, इसमें क्या डालते हो?

तो म्हणाला, डीज़ल.

मी म्हटलं, और?

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, डीज़ल ख़तम हो जाए तो और डीज़ल.

आत्ताच देवरीच्या घाटात आमची गाडी बसला मागे टाकून गेली. पायलने हॉर्न दिला. मागच्या सीटवर भय्याजी रत्नमालाला काहीतरी हातवारे करून सांगत होते. सासूबाई पुढच्या सीटवर झोपलेल्या, डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. कुठल्याही गाडीत त्या झोपत नाहीत. घरी पोचेपर्यंत समोरच्या पट्टीवर हात ठेवून जाग्या राहतात, असं रत्नमाला नेहमी सांगते.

मी हात हलवला. पायलने पाहिलं असावं.

सासूबाईंना आपल्या गाडीतून आणायचं ठरलं होतं. त्या येत आहेत. मी योजनेत नव्हतो एवढंच.

झाकण फार तापलं आहे. बसवत नाही. आता उभं राहावं लागेल, आणि उभ्याने लिहिता येत नाही.